एकवीस की बावीस?

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाकडे वसंत व्याख्यानमालेची ४० ध्वनिमुद्रणं आहेत. आधी ती कॅसेटवर होती. गेल्या दोन वर्षांत एकेक करून ती संगणकावर उतरवली. आता वाचनालयाच्या संकेतस्थळावर ठेवायचं ठरलं, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मला विचारलं, "सर, फाइली पाठवायचं एखादं चांगलं, मोफत सॉफ्टवेअर सांगा ना."

मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "होस्टिंगवाल्यांनी खातं उघडताना पत्र पाठवलं असेल, ते आधी दाखवा."

फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण आपल्या संगणकापासून सुरुवात करतात: दिसायला कसं आहे, सोपं आहे का, मित्र कोणतं वापरतो. खरी निवड मात्र पलीकडच्या टोकाला होते. फाइल ज्या सर्व्हरवर जायची आहे तो कोणती भाषा बोलतो, हे आधी कळायला हवं.

पत्रात नेहमीप्रमाणे चार गोष्टी होत्या. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट. पहिल्या तीन सगळे जपून ठेवतात आणि चौथी कुणी वाचतही नाही. सर्व्हर म्हणजे अनेक दारांचा वाडा समजा. पोर्ट हा दाराचा क्रमांक. २१ लिहिलं असेल तर ते एफटीपीचं दार. २२ असेल तर एसएफटीपीचं. क्वचित ९९० दिसतं, ते एफटीपीएसच्या जुन्या पद्धतीचं. आमच्या पत्रात २१ होतं. त्यामुळे गोष्ट तिथून सुरू करावी लागेल.

एफटीपी इंटरनेटपेक्षाही जुनं आहे. त्याचा पहिला लेखी आराखडा १६ एप्रिल १९७१ ला अभय भूषण यांनी मांडला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर त्या वेळी मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. आज चालतात ते एफटीपीचे नियम ऑक्टोबर १९८५ मध्ये लिहिले गेले आणि त्यांचा गाभा बदललेला नाही. इतकी वर्षं टिकलेल्या या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते ज्या जाळ्यासाठी लिहिलं गेलं, तिथं चोर नव्हते. आपल्या जाळ्यावर आहेत.

एफटीपीचं संभाषण उघड्या अक्षरांत चालतं. तुमचा संगणक जोडला गेला की सर्व्हर २२० हा आकडा पाठवतो, म्हणजे 'या'. संगणक युजरनेम सांगतो. सर्व्हर ३३१ म्हणतो, म्हणजे 'नाव कळलं, आता पासवर्ड द्या'. संगणक पासवर्ड पाठवतो, आहे तसा, अक्षर न् अक्षर. सर्व्हर २३० म्हणतो, 'आत या'. ५३० आलं तर नाव किंवा पासवर्ड चुकला. त्याच वायफायवर कुणी जाळ्यातली रहदारी टिपणारं साधन लावून बसलं असेल, तर त्याला तो पासवर्ड पोस्टकार्डासारखा वाचता येतो. फाइलींचंही तेच. फायरफॉक्सनं जुलै २०२१ मध्ये आणि क्रोमनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एफटीपीला रजा दिली, त्यामागं हे एक मोठं कारण होतं. आता ब्राउझरमध्ये एफटीपीचा पत्ता टाकून काही उघडत नाही. वेगळं सॉफ्टवेअर लागतं ते म्हणून.

दुसरी अडचण जास्त लोकांना छळते आणि तिचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. लॉगिन होतं, २३० दिसतं, पण फोल्डरची यादी काही येत नाही. अर्धा मिनिट वाट पाहून जोडणी तुटते. मग पासवर्ड बदलून बघ, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाक, असं सुरू होतं. दोष बहुधा तिथं नसतो. एफटीपी एकाच कामासाठी दोन वाटा वापरतं. २१ क्रमांकाच्या दारावर फक्त बोलणं होतं. यादी असो की फाइल, खरा माल दुसऱ्या वाटेनं जातो, आणि प्रत्येक फाइलसाठी ती वाट नव्यानं उघडते. मूळच्या पद्धतीत, जिला ॲक्टिव्ह म्हणतात, ही दुसरी वाट सर्व्हर तुमच्या संगणकाकडे उघडतो. घरच्या राउटरला मात्र बाहेरून आलेला हा पाहुणा अनोळखी वाटतो. तो दार उघडत नाही आणि यादी बाहेरच अडकते.

यावर उपाय पॅसिव्ह पद्धतीचा. त्यात दोन्ही वाटा तुमचाच संगणक उघडतो. सर्व्हर फक्त कुठं यायचं ते सांगतो, आणि तेही गमतीशीर रीतीनं: स्वल्पविरामांनी तोडलेले सहा आकडे. समजा आले १९२, ०, २, १०, १९५, ८०. पहिले चार म्हणजे पत्ता. उरलेल्या दोनांतल्या पहिल्याला २५६ नं गुणायचं आणि दुसरा मिळवायचा. १९५ गुणिले २५६ म्हणजे ४९,९२०, अधिक ८० म्हणजे ५०,०००. तर माल ५०,००० क्रमांकाच्या दारावर मिळेल. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं आपण होऊन पॅसिव्हच वापरतात. तरीही यादी येत नसेल, तर सर्व्हरच्या बाजूनं ही वरची दारं बंद असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी होस्टिंगवाल्यांना 'चालत नाही' असं कळवू नका. 'लॉगिन होतं, पण पॅसिव्हमध्ये यादी येत नाही' असं कळवा. नेमकी तक्रार नेमक्या माणसाकडे पोचते.

एसएफटीपीत ही दोन वाटांची भानगडच नाही. नाव ऐकून ते एफटीपीचं सुधारलेलं रूप वाटतं, पण तो सर्वस्वी वेगळा वंश आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. म्हणजे दोन संगणकांमधली कुलूपबंद वाट. एसएफटीपी त्या वाटेवरून चालतं. बोलणं आणि माल, सगळं २२ क्रमांकाच्या एकाच दारानं आणि सगळं कुलूपबंद. एफटीपीएस हा तिसरा प्रकार. तो मात्र खरंच जुनं एफटीपी, वर बँकेच्या संकेतस्थळासारखं टीएलएसचं आवरण चढवलेलं. पासवर्ड सुरक्षित राहतो, पण दोन वाटांचा त्रास तसाच.

म्हणून होस्टिंगवाल्यांना विचारायचा प्रश्न एकच: "एसएफटीपी आहे का? नसेल तर टीएलएससह एफटीपी चालतं का?" आमच्याकडे विचारल्यावर उत्तर आलं की २२ आहे, फक्त अर्ज केल्यावर उघडून देतो. पत्रात ते लिहिलं नव्हतं. दोन्हीला 'नाही' असं उत्तर आलं, तर सॉफ्टवेअर बदलून काही साधणार नाही. होस्टिंग बदला, असं मी स्पष्ट सांगेन.

इथवर आलं की सॉफ्टवेअरची निवड फारशी अवघड राहत नाही. मोफत आणि चांगली अशी तीन नावं मी खात्रीनं सांगतो. तिन्ही मुक्त स्रोत आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. तीस दिवसांनी पैसे मागणारं 'मोफत' हे नव्हे.

फाइलझिला जानेवारी २००१ मध्ये टिम कोसे आणि त्याच्या दोन वर्गमित्रांनी अभ्यासक्रमातला प्रकल्प म्हणून सुरू केलं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी तिन्ही बोलतं. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर, वर संभाषणाची नोंद, खाली पाठवायच्या फाइलींची रांग. ती वरची नोंद पुष्कळांना नकोशी वाटते आणि ते ती बंद करतात. कृपा करून करू नका. २३०, ५३० हे आकडे तिथंच दिसतात, आणि आजार कुठला ते तिथंच कळतं. खालच्या रांगेत अडलेल्या फाइलींचा वेगळा कप्पा असतो. चाळीसपैकी दोनच अडल्या तर त्या दोनच पुन्हा पाठवता येतात.

विनएससीपी फक्त विंडोजसाठी आहे. मार्टिन प्रिक्रिल हे चेक प्रोग्रामर २००० पासून ते सांभाळत आहेत. संगणक विंडोजचा आणि दार २२ क्रमांकाचं असेल, तर माझा कौल याला. त्याच्या एका सवयीनं मला जिंकलं. एसएफटीपीवर मोठी फाइल पाठवताना ते तिला सर्व्हरवर आधी तात्पुरतं नाव देतं आणि पूर्ण पोचल्यावरच खरं नाव लावतं. वीज गेली तरी अर्धवट व्याख्यान पूर्ण असल्याच्या थाटात संकेतस्थळावर बसत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून हे मला महत्त्वाचं. शिवाय दोन बाजूंची फोल्डरं ताडून फक्त बदललेल्या फाइली पाठवायची त्याची सोय उत्तम आहे.

सायबरडक मॅकवाल्यांना आवडतं. विंडोजवरही मिळतं. त्यात दोन खिडक्या नसतात. एकाच खिडकीत सर्व्हर दिसतो आणि फाइली ओढून आणून टाकायच्या. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स अशा साठवणींनाही ते जोडलं जातं. तुमचं काम तिथं आणि सर्व्हरवर असं दोन्हीकडे असेल तर हे घ्या. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ते मोफत आहे, ॲप स्टोअरमध्ये पैसे पडतात. विनएससीपीचंही मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये तसंच. ते पैसे बनवणाऱ्यांना मिळतात, तेव्हा परवडत असेल तर जरूर द्या. फक्त मोफतची वाटही आहे हे माहीत असू द्या.

लिनक्स असेल तर कदाचित काहीच उतरवायला नको. उबंटूसारख्या प्रणालीत फाइलींच्या खिडकीतूनच सर्व्हरला जोडता येतं. आणि नुसतं फोनमधले फोटो शेजारच्या लॅपटॉपवर घ्यायचे असतील, तर यातलं काहीही नको. एकाच वायफायवर लोकलसेंडसारखं छोटं मोफत ॲप पुरतं.

कोणतं घ्यायचं याइतकंच ते कुठून घ्यायचं हेही बघायला हवं. जानेवारी २०१४ मध्ये अवास्ट या सुरक्षा कंपनीनं फाइलझिलाच्या दोन बनावट आवृत्त्या उघड केल्या. दिसायला, वागायला हुबेहूब खऱ्यासारख्या. फाइली व्यवस्थित पाठवायच्या आणि जाता जाता लॉगिन चोरायच्या. म्हणून शोधयंत्रात पहिल्या दिसणाऱ्या जाहिरातीवरून, किंवा 'फ्री डाउनलोड' असा मोठा हिरवा बाण दाखवणाऱ्या पानावरून काही घेऊ नका. बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. फाइलझिलाच्या अधिकृत पानावरही विंडोजसाठीच्या ठळक बटणामागच्या प्रतीसोबत इतर सॉफ्टवेअरची 'ऑफर' येत असते. त्याच पानावर जास्तीच्या पर्यायांचा एक दुवा असतो, तिथं स्वच्छ प्रत मिळते. इन्स्टॉल करताना प्रत्येक पडदा वाचा. न वाचता 'नेक्स्ट' दाबत गेल्यामुळे वाचनालयाच्या एका संगणकावर तीन नको ती टूलबारं बसली होती. ती काढण्यात माझा अख्खा रविवार गेला.

पासवर्ड जतन करायचा का, हा पुढचा प्रश्न. २००९ मध्ये गम्बलार नावाच्या विषाणूनं लोकांच्या संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड उचलले आणि त्यांच्याच संकेतस्थळांत विषारी कोड पेरला. फाइलझिला आणि विनएससीपीनं जतन केलेला पासवर्ड नुसता वेषांतर केलेला असतो, कुलपात नसतो. दोन्हींत मास्टर पासवर्डची सोय आहे. ती चालू केली की बाकीचे पासवर्ड खरोखर कुलूपबंद होतात. वाचनालयासारख्या, अनेकांचे हात लागणाऱ्या संगणकावर मी मास्टर पासवर्डशिवाय काहीही जतन करू देत नाही.

आणखी एक खिडकी पहिल्यांदा जोडताना येते आणि लोक घाबरून किंवा घाईनं 'हो' म्हणतात. एसएफटीपीत सर्व्हर आपली ओळख म्हणून एक लांबलचक ठसा दाखवतो. आपण कुणाच्या दारात उभे आहोत, याचा हा पुरावा. तो होस्टिंगवाल्यांकडून मागून घ्या आणि ताडून मग 'हो' म्हणा. सॉफ्टवेअर तो लक्षात ठेवतं. पुढं कधी 'ठसा बदलला' असा इशारा आला, तर थांबा आणि फोन करून विचारा. त्यांनी सर्व्हर बदललेला असू शकतो. किंवा मध्ये कुणीतरी तोतया उभा असू शकतो.

आता फाइलींच्या नावांकडे येतो. मराठीत काम करणाऱ्यांना इथं सर्वांत जास्त ठेच लागते आणि याबद्दल कुणी धड सांगत नाही.

ग्रंथपालबाईंनी प्रत्येक फाइलला प्रेमानं पूर्ण नाव दिलं होतं: साल, व्याख्यात्याचं नाव, विषय, सगळं देवनागरीत. विंडोजवर छान दिसत होतं. पहिल्या प्रयत्नात मात्र सर्व्हरवर काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली आणि काही फाइली गेल्याच नाहीत. प्रश्नचिन्हांचं कारण, दोन टोकांची अक्षरांची सांकेतिक पद्धत जुळली नव्हती. फाइलझिलाच्या साइट मॅनेजरमध्ये त्या सर्व्हरसाठी यूटीएफ-८ सक्तीचं करता येतं, तेवढ्यानं बहुधा भागतं.

न गेलेल्या फाइलींचं कारण वेगळं होतं. लिनक्स सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी वेगळी चिन्हं. 'व्याख्यानमाला' हा शब्द मोजून बघा. व, हलन्त, य, काना, ख, हलन्त, य, काना, न, म, काना, ल, काना. तेरा चिन्हं, ३९ बाइट. म्हणजे पूर्ण नावात जेमतेम ८५ चिन्हं मावतात. विंडोज बाइट न मोजता चिन्हं मोजतं, म्हणून तिथं तेच नाव खुशाल चालतं. शिवाय संकेतस्थळाच्या दुव्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांचा होतो, तेव्हा हा एकच शब्द व्हॉट्सॲपवर ११७ अक्षरांची रांग होऊन पोचू शकतो.

आपल्या मराठीचा खास 'दऱ्या', 'वाऱ्या'मधला ऱ याहून खट्याळ आहे. तो एका चिन्हानंही लिहिला जातो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना फरक दिसत नाही, सर्व्हरला दिसतो. जुन्या मॅकवरच्या फाइली दोन चिन्हांनी साठवल्या जात. तिथून आलेली 'दऱ्या' नावाची फाइल आणि विंडोजवर टंकलेली 'दऱ्या' सर्व्हरवर शेजारी शेजारी दोन वेगळ्या फाइली होऊन बसू शकतात.

मराठीचा अभिमान मलाही आहे, तरी माझं मत ठाम आहे: सर्व्हरवरच्या फाइलीचं नाव छोट्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत, मधे जागा न सोडता. देवनागरी शीर्षक संकेतस्थळाच्या पानावर, मोठ्या अक्षरांत, लोक वाचतात तिथं. छोटी अक्षरं अशासाठी की लिनक्स मोठ्या आणि छोट्या रोमन अक्षरांत फरक करतं. कॅमेऱ्यानं जेपीजी हा शेवट मोठ्या अक्षरांत दिला आणि पानावर छोट्या अक्षरांत लिहिला, तर घरच्या विंडोजवर फोटो दिसतो आणि संकेतस्थळावर दिसत नाही.

वेळेचा हिशेब साधा आहे. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला सेकंदाला १६ केबी लागतात, म्हणजे दीड तासाला सुमारे ८६ एमबी. जीमेलची जोडणीची मर्यादा २५ एमबी, तेव्हा ईमेल बादच. ४० व्याख्यानांचे साडेतीन जीबीच्या आसपास. ब्रॉडबँडचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, त्याला आठनं भागलं की मेगाबाइट मिळतात. अपलोडचा वेग खरोखर १० मेगाबिट असेल तर सेकंदाला सव्वा एमबी, म्हणजे पाऊण तासाचं काम. मात्र लहान लहान हजार फोटो असतील तर एकूण आकार कमी असूनही वेळ जास्त जातो, कारण प्रत्येक फाइलमागं सर्व्हरशी नव्यानं बोलणं होतं. त्यांची झिप करून पाठवा आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये उलगडा.

एफटीपी वापरावं लागलंच, तर ट्रान्सफरचा प्रकार 'ऑटो' किंवा 'बायनरी' ठेवा. 'आस्की' प्रकारात मजकुराच्या ओळींचे शेवट बदलले जातात. साध्या मजकुराला ते चालतं, पण फोटो आणि ध्वनिमुद्रणं त्यानं बिघडतात. फाइल पोचूनही पानावर उघडत नसेल तर तिच्या परवानग्या बघा. फाइलींना ६४४, फोल्डरांना ७५५ हे नेहमीचे आकडे. घाईत ७७७ कधीच देऊ नका. त्यानं सर्व्हरवरच्या कुणालाही तिथं लिहिता येतं.

आम्ही विनएससीपी घेतलं, दार २२. सगळी ४० व्याख्यानं लावण्याआधी एकच फाइल पाठवली आणि अर्ध्यावर मी मुद्दाम राउटरची पिन काढली. बाई दचकल्या. पिन परत लावल्यावर जोडणी पुन्हा झाली आणि फाइल पहिल्यापासून न जाता जिथं अडली होती तिथून पुढं गेली. मग दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत ताडला. शेवटी संकेतस्थळावरून तेच व्याख्यान फोनवर लावलं आणि सरकवून शेवटच्या मिनिटावर नेलं. आभारप्रदर्शन चालू होतं, मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. बाईंनी फोन कानाशी धरून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मग उरलेल्या ३९ फाइली रांगेत लावल्या.